द्विशिक्षकी शाळा, चार वर्ग: टाचण आणि जोडवर्गाची तासिका कशी बसवायची?

जावळीची_बाई
जावळी तालुक्यातली पहिली ते चौथीची शाळा, पट 23, शिक्षक दोन. माझ्याकडं तिसरी-चौथी. एका वर्गाला शिकवायला घेतलं की दुसरा दहा मिनिटांत मोकळा होतो आणि गोंगाट सुरू. दोन्ही वर्गांचं, सगळ्या विषयांचं टाचण (रोजच्या पाठाची लेखी तयारी) लिहायला रोज तास-दीड तास जातो. वर पोषण आहाराची नोंद, बीएलओचं (मतदार यादीचं) काम आणि ग्रुपवर दिवसातून तीनदा ‘तात्काळ माहिती पाठवा’. पावसाळ्यात रेंज नसते, म्हणून व्हिडिओवर भिस्त ठेवता येत नाही. तासिकेची मिनिटं कशी वाटायची ते नेमकं सांगा. शिवाय 403 − 168 चं उत्तर निम्मा वर्ग 365 काढतोय, त्यावरही काही सुचवा.

कृष्णाकाठ
मॅडम, टाचण उलट्या क्रमानं लिहा. ज्या वर्गाकडं तुमची पाठ असणार, त्याचं काम आधी ठरवायचं आणि शिकवायचा भाग नंतर. बहुतेक जण आधी शिकवायचं ठरवतात आणि दुसऱ्या वर्गाला ऐनवेळी ‘धडा वाचा’ किंवा ‘पाढे लिहा’ सांगतात. तिथंच तासिका हातातून जाते.

40 मिनिटं अशी वाटा: पहिली 5 दोन्ही वर्गांना एकत्र तोंडी गणित. मग 15 मिनिटं तिसरीला शिकवणं, तेवढ्या वेळात चौथीचं स्वतःचं काम. पुढची 15 उलट. शेवटची 5 वह्या बघायला. ही शेवटची पाच मिनिटं कधीच खाऊ नका. काम तपासलं जात नाही हे मुलांना चार दिवसांत कळतं आणि पाचव्या दिवशी ती काम करत नाहीत.

स्वतःच्या कामात नवीन काही द्यायचं नाही, फक्त काल-परवा शिकवलेलं. नवीन दिलं की मूल अडतं, उठून तुमच्याकडं येतं आणि दोन्ही वर्ग मोडतात.

आणि काम सहा मिनिटांत संपणारं नको. नमुना देतो. फळ्यावर 3, 7, 0, 5 लिहा. एक अंक एकदाच वापरून तीन अंकी संख्या बनवा, जेवढ्या होतील तेवढ्या. एकूण 18 होतात, कारण शतकाच्या जागी शून्य चालत नाही. ‘18 सापडल्या पाहिजेत’ एवढंच सांगून ठेवा. दहा-बारा पटकन येतात, उरलेल्यांसाठी मुलांना क्रम लावून शोधावं लागतं. ज्यांचं झालं त्यांनी चढता क्रम लावायचा, मग सर्वांत मोठीतून सर्वांत लहान वजा करायची: 753 − 305 = 448. तीन पायऱ्या एकाच ओळीत निघाल्या, हुशार मूलही पंधरा मिनिटं गुंततं.

माणगंगा
365 ही हलगर्जीची चूक नाही. मुलं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतायत: 8 − 3, 6 − 0, 4 − 1. म्हणजे ‘वरून खालचं काढायचं’ हेच अजून पक्कं नाही. ‘हातचा घे’ असं दहादा सांगून हे सुटत नाही, आणि दशकात शून्य असल्यामुळं हातचा घ्यायचा कुठून हेही कळत नाही.

जुन्या पुठ्ठ्याच्या खोट्या नोटा करा. दोन मुलांच्या जोडीला 100 च्या 4, 10 च्या 10 आणि 1 चे 13 तुकडे पुरतात. समोर 403 मांडायचे, बाकीच्या नोटा डब्यात, तो डबा म्हणजे बँक. आता 168 द्यायचे आहेत. सुटे तीनच, आठ द्यायचे कसे? दहाची नोट नाही, म्हणून शंभराची एक मोडून दहाच्या दहा. त्यातली एक मोडून दहा सुटे. समोर राहिलं 3 शतक, 9 दशक, 13 एकक. द्या: 13 − 8 = 5, 9 − 6 = 3, 3 − 1 = 2. उत्तर 235.

चूक होते ती इथं: दोन दिवस नोटा खेळवायच्या आणि तिसऱ्या दिवशी एकदम वही. मधे एक दिवस दोन्ही शेजारी हवं. एकानं नोट मोडली की दुसऱ्यानं त्याच क्षणी वहीत 4 खोडून 3 लिहायचे. शेवटी 235 + 168 करून 403 येतात का हे प्रत्येकानं ताडून बघायचं. 365 + 168 करून बघितलं की 533 येतात, मुलांना चूक स्वतःच दिसते.

पाटणखोरे
परिसर अभ्यासात दोन वर्ग वेगळे ठेवूच नका. तिसरीला जिल्हा, चौथीला शिवकाळ. भिंतीवर सातारा जिल्ह्याचा एकच मोठा नकाशा. तिसरी तालुके आणि नद्या भरेल. चौथी प्रतापगड शोधेल, 10 नोव्हेंबर 1659 ची शिवराय-अफजलखान भेट तिथंच का ठरली असेल हे जंगल-घाट बघून मांडेल. टाचण एक, निष्पत्ती (मुलांना काय यायला हवं ते) दोन. महिन्याचं नियोजन करतानाच असे जुळणारे घटक एका आठवड्यात आणले तर लिखाण बरंच कमी होतं.

वाळवा_वर्ग
पोषण आहाराची आकडेमोड चौथीच्या तोंडी गणितात घ्या. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ. 19 हजर, तर 1 किलो 900 ग्रॅम. रजिस्टर मात्र तुम्हीच भरा आणि परिपाठ संपताच हजेरी मदतनीस ताईंना सांगा. दुपारी आठवून भरलं की हजेरी आणि तांदूळ जुळत नाहीत.

‘तात्काळ’साठी एकच मूळ तक्ता जुलैपर्यंत पुरा करा: जनरल रजिस्टरप्रमाणे (शाळेची प्रवेश नोंदवही) नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधारवरचं नाव, बँक खाते, उंची, वजन. रजिस्टरवरचं आणि आधारवरचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत हवं. सरकारी पोर्टलवरच्या बऱ्याच नोंदी या दोन नावांतल्या काना-मात्रेच्या फरकानं अडतात. चूक आधारवर असेल तर दुरुस्ती पालकांकडून आधारवरच. जनरल रजिस्टरमध्ये परस्पर खाडाखोड नको. आणि आधार क्रमांकांची यादी ग्रुपवर टाकू नका, कोणीही मागितली तरी.

कृष्णाकाठ
बीएलओबद्दल: शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27 नं शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं द्यायला मनाई आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं त्यातून वगळली आहेत, त्यामुळं बीएलओचं काम टळणार नाही. पण त्याच कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास अध्यापन धरलंय, म्हणजे दिवसाला सरासरी 4 तास. वार्षिक नियोजनात महिन्याला दोन दिवस मोकळे ठेवा, घटक त्यात बसवू नका. ते जाणारच आहेत.

जावळीची_बाई
नोटांचा संच आणि 18 संख्यांचं काम सोमवारी घेते. अशी स्वतःची कामं किती तयार ठेवावीत?

कृष्णाकाठ
प्रत्येक वर्गाला गणिताची 12 आणि मराठीची 12. जाड पुठ्ठ्यावर, पुढं काम आणि मागं उत्तर. कोपऱ्यात निष्पत्तीचा क्रमांक लिहा, मग टाचणात फक्त ‘कार्ड 7’ लिहिलं की पुरतं. पावसाळ्यात पुठ्ठा फुगतो, वरून चिकटपट्टी मारा.