माती अडवणाऱ्या भिंतीच्या माथ्यावर लाकडी बाक : फळ्या थेट दगडावर आवळाव्यात का?

प्रश्न
बागेतील उताराची माती अडवण्यासाठी सिमेंटमध्ये बांधलेली दगडी भिंत आहे. खालच्या बाजूने तिची उंची ४२ सेंटिमीटर आणि माथ्याची रुंदी ३० सेंटिमीटर आहे. त्यावर ४ सेंटिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या प्लग आणि स्क्रूने थेट आवळाव्यात, असा विचार आहे. खाली लाकडी चौकट दिली तर बैठक ५० सेंटिमीटरच्या वर जाते आणि पाय टेकत नाहीत. शिवाय बैठक ४५ सेंटिमीटर रुंद हवी असल्याने ती १५ सेंटिमीटर पुढे येईल. त्याने भिंतीला काही अपाय होईल का?

प्रतिसाद १
थेट आवळू नका. मी नेमके तेच केले होते. वरून फळ्या ठणठणीत दिसत होत्या, पण दोन पावसाळ्यांनंतर एक फळी उचलून पाहिली, तेव्हा तिची खालची बाजू काळी पडून नखाने उकरता येईल इतकी मऊ झाली होती. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये शिरलेल्या पाण्याला वाळायला वावच नसतो. तुमच्या उंचीच्या अडचणीवर उपाय असा, की चौकटीऐवजी ५० मिलिमीटर रुंद आणि १० मिलिमीटर जाड गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) लोखंडी पट्ट्या भिंतीला आडव्या, दर ५० सेंटिमीटरवर बसवाव्यात, त्यांच्याखाली सेंटिमीटरभर जाडीचे कडक प्लास्टिकचे तुकडे द्यावेत आणि वर ३ सेंटिमीटर जाडीचे लाकूड घ्यावे, म्हणजे बैठक ४७ सेंटिमीटरवर येते.

रुंद फळ्यांपेक्षा ८-९ सेंटिमीटरच्या अरुंद लाकडी पट्ट्या बऱ्या. लाकूड ओलाव्याने रुंदीत फुगते-आकसते, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे दोन्ही कडांना घट्ट आवळलेली रुंद फळी हमखास तडकते. दोन पट्ट्यांमध्ये ६ ते ८ मिलिमीटर फट ठेवा. सागवान गाभ्याचे घ्या, कारण कडेचा पांढरट भाग लवकर कुजतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा, लोखंडी स्क्रूभोवती सागवानावर काळे डाग पडतात.

प्रतिसाद २
लाकडाबद्दलचा सल्ला योग्य आहे, पण माझ्या मते आधी भिंत पाहावी. बसणाऱ्यांचे सरळ खाली येणारे वजन अशा भिंतीला सहसा जड जात नाही. तिला खरा ताण असतो तो मागच्या मातीत साचलेल्या पाण्याचा, म्हणून पाणी निघून जाण्याची भोके मोकळी आहेत ना आणि भिंत ओळंब्यात (अगदी सरळ उभी) आहे ना, हे तपासा. ती पुढे झुकली असेल तर बाकाचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

पंधराच्या पंधरा सेंटिमीटर पुढे काढू नका. कोणी अगदी कडेवर बसले की लोखंडी पट्टी भिंतीच्या पुढच्या कडेवर टेकून मागचा बोल्ट उपसू पाहते, आणि तो बोल्ट ज्या दगडात आहे तो दगडही त्याबरोबर हलतो. पुढे ५ आणि मागे १० सेंटिमीटर अशी विभागणी करा, फक्त मागची माती लाकडापासून चार-पाच सेंटिमीटर खाली राहू द्या. प्रत्येक लोखंडी पट्टीचे दोन्ही बोल्ट भिंतीच्या कडांपासून १० सेंटिमीटर आत, दगडात घ्या, सांध्यात नव्हे. फुगून पकडणाऱ्या बोल्टने कडेचा दगड उडू शकतो, म्हणून रसायन भरून बसवलेला बोल्ट मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रश्नकर्ता
भिंत ओळंब्यात आहे. हातोडीने ठोकून पाहिले, तेव्हा माथ्याचे दोन दगड पोकळ वाजले, बाकीचे घट्ट आहेत. त्या दोघांना वगळून लोखंडी पट्ट्या बसवता येतील का?

प्रतिसाद २
वगळू नका. पोकळ आवाज म्हणजे खालचा सिमेंटचा मसाला सुटला आहे आणि त्या फटीतून पाणी भिंतीत उतरत राहील. दोन्ही दगड उचलून, जुना मसाला खरवडून, ओल्या पृष्ठभागावर पुन्हा बसवा, आठवडाभर पाणी मारा आणि मगच भोके पाडा.