मदत हवी आहे: १४ फेब्रुवारी घरातच, पाचशे रुपयांत (म्हापसा)

दुपारपाळी

नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलात रेस्टॉरंटला कामाला आहे. १४ फेब्रुवारीला आमच्या लाइनमध्ये कुणी रजा मागत नाही, मागितली तर मॅनेजर हसतो. यंदा तर १४ तारीख शनिवारी, कार्निव्हलही त्याच दिवशी सुरू, आणि लगेच रविवारी १५ ला महाशिवरात्र. दुपारी तीनला ड्युटी लागते. शेवटचं टेबल उठेपर्यंत बारा वाजतात, घरी पोचेपर्यंत एक. संध्याकाळभर मी लोकांच्या टेबलांवर लाल कापड अंथरणार, मेणबत्त्या लावणार आणि कुणाच्या तरी बायकोसाठी फ्रीजमध्ये लपवलेला केक बरोबर खुणेला बाहेर काढणार.

माझी बायको म्हापशातच कपड्यांच्या दुकानात आहे. सकाळी साडेनऊला जाते, रात्री आठनंतर येते. ती सहसा काही मागत नाही. या वेळी मात्र म्हणाली, "दुकानातल्या सगळ्या मुलींचं ठरलंय. मला कुठे जायचं नाही, पण त्याच दिवशी कायतरी कर. सोमवारी नको." सोमवारी माझा ऑफ असतो, म्हणून सगळे सण आम्ही सोमवारी करतो. तिला त्याचाच कंटाळा आलाय.

भाड्याची जागा आहे, एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये आई असते. पाचशे रुपये काढलेत, फार तर सहाशे होतील. शनिवारी आमच्यात नुस्ते (मासे) चालत नाही, रविवारी तिचा कडक उपास. स्वयंपाक मला बऱ्यापैकी येतो, तेवढं तरी या धंद्यात शिकलो.

एक आधीच सांगतो. रात्री टेबलांवर उरलेले गुलाब आम्हाला घेऊन जायला देतात. ते मी आणणार नाही. दुसऱ्याच्या टेबलावरचं फूल घरी नको.

काय करता येईल?

मिरामार_वारा

सुंगटांचं (कोळंबीचं) हुमण नि शिजवलेली तिसऱ्यो, वर थंडगार सोलकढी. बास. बाहेरच्या जेवणाला झक मारली.

दुपारपाळी

भाऊ, शनिवार आहे म्हणून लिहिलंय वर. :)

मिरामार_वारा

अरेच्चा. शनिवारी कार्निव्हल सुरू होणार, तिकडे कार्निव्हलचा राजा किंग मोमो खा-पिया-मजा करा म्हणून फर्मान काढणार आणि तुमच्याकडे डाळभात. मग मी काय सांगणार! फक्त संध्याकाळी पणजीत जायचा बेत कुणी सुचवला तर ऐकू नका, गाडी लावायला पर्वरीला जागा शोधावी लागेल.

तांबडी_माती

मला वाटतं तुम्ही चुकीच्या वेळेकडे बघताय. रात्री एकला तुम्ही पाय ओढत येणार, ती दिवसभर उभी राहून आलेली. त्या वेळी मेणबत्ती लावली तरी दोघं तिच्याकडे बघत जांभया देणार. तुमच्याकडे सकाळ आहे ना? तुमची ड्युटी तीनला, तिची साडेनऊला. म्हणजे साडेसहा ते नऊ तुम्ही दोघं घरात आणि दोघंही माणसांत असता. त्या वेळेला सगळं करा.

जोडप्यांनी रात्रीच जेवायला बसायचं, हे हॉटेलवाल्यांच्या सोयीचं आहे, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा वाजला की खाली जा, गरम पोई आणि उंडे घ्या. पातळ भाजी रात्रीच करून ठेवा. पांढरे वाटाणे, वाटलेलं खोबरं, थोडा गरम मसाला. आपल्याकडची कुठलीही पातळ भाजी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. सोबत सुकी बटाट्याची भाजी आणि जमलं तर केळ्याचे बन. बनचं पीठ रात्री मळून ठेवावंच लागतं, त्यामुळे सकाळी फक्त तळायचे. पिकलेली केळी घरात काळी पडत असतील तर तेवढ्यासाठी आजपासून टाकू नका.

हे सगळं मिळून दोनशेच्या आत बसावं.

दुपारपाळी

सकाळ! हे डोक्यातच आलं नव्हतं. सकाळी मी साधारण नऊपर्यंत झोपलेला असतो, ती निघताना डोकं हलवून जाते. शुक्रवारीही एक वाजणार, पण एक दिवस साडेपाचला उठीन.

संस्कृती_प्रेमी

ही पाश्चात्त्यांची थेरं आपल्याला कशाला? दुसऱ्याच दिवशी महाशिवरात्र आहे, शिवपार्वतीच्या लग्नाचा दिवस मानतात. तो साजरा करा.

दुपारपाळी

करतोच आम्ही. ती उपास करते, मी देवळात जाऊन येतो. पण तिने १४ मागितलीय, १५ नाही.

शेजारीण

@संस्कृती_प्रेमी, सूचना तशी वाईट नाही, पण बायको एक तारीख मागते आणि नवरा दुसरी देतो, इथूनच तर सगळी गडबड सुरू होते.

दुपारपाळी, फुलांचं मी सांगते. गुलाबाच्या नादी लागू नका. त्या आठवड्यात भाव चढलेला असतो आणि गोव्यात येतात ते बहुतेक बाहेरून, मावळातून नाहीतर बंगळुरूकडून, इथे पोचेपर्यंत मान टाकलेली असते. १३ तारखेला शुक्रवार आहे, म्हणजे म्हापशाचा बाजार. तुम्ही तिथेच राहता! सकाळी जाऊन सुरंगी आली आहे का बघा. फेब्रुवारीत ती यायला लागते, कधी थोडी उशिरा. वेंगुर्ल्याच्या बाजूला आसोलीला तर लोक सुरंगीवर वर्षाचा हिशेब करतात. सुरंगीचा वळेसर (गजरा) घरात आणला की लपवायची सोय नाही, सगळ्या घराला वास येतो, त्यामुळे डब्यात घाला नि डबा स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर. सुकली तरी तिचा वास जात नाही, तुमची बायको कपाटात साड्यांत ठेवील.

सुरंगी नसेल तर अबोली. अबोलीला वास नाही, पण टिकते, रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली की सकाळी तशीच. दुकानात ती दिवसभर केसांत घालून उभी राहील. बाकीच्या मुलींचे गुलाब तोवर पर्समध्ये चेपलेले.

दुपारपाळी

शेजारीणताई, हे शंभर टक्के. तिच्या माहेरी, सावंतवाडीच्या बाजूला, सुरंगीचं झाड आहे. तिला वास लगेच कळेल, म्हणून लपवायची काळजी जास्त घ्यावी लागणार.

आता आईचं सांगा. आई साडेपाचला उठते. मी स्वयंपाकघरात दिसलो की पहिला प्रश्न, "किदें जालें? बरें ना?"

कदंब_पास

आईंना देवळात पाठवा. किंवा मावशीकडे.

तांबडी_माती

नको. आईला घरातून बाहेर काढायच्या युक्त्या लढवू नका, त्यांना कळतं आणि मग त्या महिनाभर लक्षात ठेवतात. त्यापेक्षा शुक्रवारीच सांगा, "आई, उद्या सकाळी चहा-नाश्ता मी करणार." पहिली बशी त्यांच्या हातात द्या, त्या हॉलमध्ये बसून पेपर वाचतील. तुम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर पाट मांडून बसा. दार अर्धं ओढलं तरी पुरे. एवढ्या जागेत एवढाच आडोसा मिळतो आणि तो पुरतोसुद्धा, आम्ही चौघं दीर-जावा एका घरात काढलीत वर्षं.

मांडवीकाठ

मी वेगळं सुचवू? पणजी-बेती फेरीबोट. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. दोन-चार फेऱ्या मारा, कठड्याला टेकून गप्पा.

दुपारपाळी

दादा, आयडिया आवडली, पण तिचं दुकान नि माझी ड्युटी बघता त्या दिवशी म्हापशातून पणजीला जाऊन येणं जमणार नाही. आणि तिलाही घरातच हवंय.

पोटोबा

मेणबत्तीचा विषय कुणी काढला नाही अजून. काढायलाच नको म्हणा. फेब्रुवारीत म्हापशात पंखा बंद केला की पाच मिनिटांत घाम, पंखा चालू ठेवला की मेणबत्ती विझते, आणि सकाळी सातला मेणबत्ती लावून दाखवायचंय कुणाला? दिवाळीचा आकाशकंदील माळ्यावर असेलच, त्यातली लाइटची माळ काढून खिडकीला लावा. सकाळच्या उजेडात फारशी दिसणार नाही, पण रात्री तुम्ही एकला याल तेव्हा ती लागलेली असेल. खर्च शून्य.

गोड काय करणार? केक नका आणू. त्या दिवशी हार्टच्या आकाराचा म्हणून जास्त पैसे घेतात आणि आत तोच स्पंज.

दुपारपाळी

हार्टच्या आकाराच्या केकांबद्दल माझ्याकडे बरंच आहे सांगण्यासारखं, पण नोकरी जाईल. :)

गोड मणगणे, म्हणजे चणाडाळीची खीर, करायचा विचार आहे. तिला फार आवडतं, आणि आमच्याकडे फक्त सणावाराला किंवा जेवणावळीला होतं. शुक्रवारी रात्री ड्युटीवरून येऊन करीन म्हणतो, नाहीतर त्याच दिवशी दुपारी ड्युटीआधी.

पोटोबा

शुक्रवारी दुपारी करा. रात्री एक वाजता नारळ खवायला बसलात तर शेजारी भांडतील. चणाडाळ दोन-तीन तास भिजवून शिजवा, पण दाणा अख्खा राहायला हवा, वरण करू नका. मूठभर साबुदाणा वेगळा भिजवा. खोबऱ्याचा पातळ रस आधी घालायचा, त्यात डाळ, साबुदाणा, काजू. गूळ मागाहून. जाड रस अगदी शेवटी.

शेजारीण

आणि भेटवस्तू? पाचशेतले निम्मे अजून उरलेत माझ्या हिशेबाने.

दुपारपाळी

त्याचाच गोंधळ आहे. दुकानात टेडी, मग, चॉकलेटचा डबा. चॉकलेट आमच्या घरात दुपारपर्यंत चपटं होतं. टेडीला ती हसेल आणि आई देवघराखाली ठेवेल.

कदंब_पास

ती स्कूटरने जाते का? हेल्मेटची काच बदलून द्या. खरंच सांगतो. जुन्या काचेवर ओरखडे असतात, रात्री समोरून गाडी आली की सगळा उजेड फुटतो. आठनंतर एकटी येते ना ती? दीडदोनशेत मिळते, हेल्मेट कुठल्या मेकचं ते बघून न्या.

मिरामार_वारा

हेल्मेटची काच! व्हॅलेंटाईनला! पुढच्या वर्षी टायरची ट्यूब.

शेजारीण

हसा. माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्या वर्षी गुलाबी टॉप आणला होता, दोन मापं लहान. हेल्मेटची काच निदान बसते तरी. पण दादा, नुसती काच हातात देऊ नका. बदलून, पुसून, हेल्मेट स्कूटरच्या हुकाला नेहमीच्या जागी लावून ठेवा. ती निघाल्यावर तिला स्वतःच दिसू दे.

आणि अजून एक फुकटचं सांगते. शुक्रवारी रात्रीची भांडी, शनिवारची भांडी, तिचा डबा, सगळं तुमच्याकडे. तिला शनिवारी साडेसहाच्या आत उठवू नका. दुकानात दहा तास उभी असते, तिला मणगण्याहून जास्त तो अर्धा तास आवडेल असं मी पैजेवर सांगते. रोज सकाळी पाण्याची मोटर कोण लावतं?

दुपारपाळी

ती.

शेजारीण

शनिवारी तुम्ही.

कदंब_पास

आणि रात्रीचं काय? तुम्ही एकला आलात तेव्हा १५ तारीख लागलेली असणार. तिचा उपास तेव्हापासून धरायचा की सकाळपासून?

तांबडी_माती

आमच्याकडे सूर्योदयापासून धरतात, काही घरांत आदल्या रात्रीही हलकंच खातात. ते तिलाच विचारायचं, आपण इथे ठरवून उपयोग नाही. मुळात रात्री तिला जागवूच नका. मणगण्याची वाटी झाकून फ्रीजमध्ये ठेवून जा, आठला आली की खाईल. रविवारच्या उपासासाठी शुक्रवारी बाजारात आहातच तर रताळी आणि मिळाली तर कणगां (छोटे कंद) घेऊन या. उकडून ठेवली की तिचं रविवारचंही काम हलकं.

दुपारपाळी

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. शुक्रवारी सकाळी बाजार: सुरंगी (नसेल तर अबोली), नारळ, वाटाणे, चणाडाळ, गूळ, रताळी. येताना हेल्मेटची काच. म्हणजे गुरुवारी रात्रीच हेल्मेटचा मेक बघून ठेवायला हवा. ती शुक्रवारी स्कूटर घेऊन जाणार, म्हणून काच शनिवारी पहाटेच बसवणार, ती झोपलेली असताना. आईला शुक्रवारी सांगणार. सकाळी मोटर, पोदेर, बन, पाट. माळ खिडकीला. पैसे मोजले तर पाचशेच्या जरासे वर जातात, काजू कमी घातले की बसतील.

@पोटोबा, एकच शंका उरली. हॉटेलात आमच्याकडे मणगणे करतात तेव्हा कधीकधी रस फुटतो, नुसतं पाणी नि चोथा. आचारी म्हणतो गुळामुळे. खरं काय?

पोटोबा

गूळ कधीकधी कारण असतो, पण बहुतेक वेळा मोठी आच. गूळ वेगळ्या टोपात थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या, खडे असतातच, आणि कोमट झाल्यावर घाला. जाड रस घातल्यावर उकळी येऊ द्यायची नाही. कडेने वाफ दिसली की गॅस बंद, वेलची घाला, झाकण जरा तिरकं ठेवा. काजू कमी करू नका, बटाटे कमी घ्या.