विषय: नको असलेली सॉकेटं – वायरी आत बुजवायच्या का? (टाइलवाला गुरुवारी येतोय)

प्रेषक: वाचनालय
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. किचनच्या भिंतीवरची दोन सॉकेटं आणि बेडरूममधलं एक (पलंगाचं डोकं आता तिकडेच येतंय) काढून टाकायची आहेत. टाइलवाला म्हणतो वायरींना टेप मारा, आत ढकला, वरून प्लास्टर, आम्ही कायम असंच करतो. ह्यांना ते पटत नाहीये आणि मलाही धाकधूक वाटतेय. इलेक्ट्रिशियन पुढच्या आठवड्याआधी मिळत नाही. काका, वाचत असाल तर प्लीज लिहा.

प्रेषक: नाट्यविभाग
ताई, सॉकेटात टेबल लॅम्प लावून एकेक एमसीबी (बोर्डातला, करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पाडत जा. लॅम्प विझला की तो एमसीबी त्याचा, मग बिनधास्त खोला. टेप दोन-तीन पदरी मारलात तर चालून जाईल असं वाटतं.

प्रेषक: काका
टेप नको म्हणजे नको. टेपचा गोंद काही वर्षांत सुकतो, आणि त्याखालचा पीळ मारलेला जोड गरम-थंड होऊन सैल पडतो. सैल जोडाचा रोध वाढतो, समजा अर्धा ओहम झाला आणि त्यातून १० अँपिअर गेले तर १० × १० × ०.५ म्हणजे ५० वॅट उष्णता, तीही त्या एवढ्याशा ठिकाणी आणि प्लास्टरच्या आत. एमसीबीला ह्यातलं काही कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीने करंट नेहमीएवढाच आहे.

ताई, आधी बघायचं ते हे की त्या बॉक्समध्ये केबल एक येते की दोन. एकच असेल तर ते त्या फांदीचं शेवटचं सॉकेट, मग केबल जिथून निघते तिथेच सोडवायची, भिंतीत तुकडा राहिला तरी मेलेला. दोन असतील तर पुढच्या सॉकेटांना वीज बहुतेक इथूनच जाते, म्हणजे जोड करावाच लागणार, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्हींचा. अर्थ राहून गेली तर पुढचं सगळं व्यवस्थित चालतं म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

रिंग वायरिंग असेल (केबल डीबीतून, म्हणजे एमसीबींच्या पेटीतून, निघून फिरून परत तिथेच येते ते) तर अजून जपून. वायरी कापून नुसत्या सोडल्या तरी घरात सगळं चालू राहतं, कारण वीज दोन्ही बाजूंनी येते, आणि कापलेली दोन्ही टोकं जिवंत असतात. शिवाय तिथला ३२ अँपिअरचा एमसीबी २.५ स्क्वेअर एमएमच्या दोन वाटा धरून बसवलेला असतो. रिंग तुटली की एकाच वाटेवर तेवढा भार येऊ शकतो आणि केबल तापली तरी एमसीबी पडत नाही.

माझं मत: किचनमध्ये बॉक्स तसाच ठेवा, आत चांगल्या कनेक्टरने जोड, वर ब्लँक प्लेट.

प्रेषक: वहिनी
काका, नव्या टाइल्सवर मधेच पांढरी झाकणं? एवढा खर्च करून भिंत ठिगळ लावल्यासारखी दिसणार. बाजारात ते मेंटेनन्स-फ्री कनेक्टर मिळतात ना, ते लावून बुजवता येतं असं मी वाचलंय.

प्रेषक: काका
वहिनी, मिळतात, स्प्रिंगचे असतात म्हणून स्क्रूसारखे सैल होत नाहीत, पण तसा शिक्का असलेलेच हवेत आणि त्यांच्या ठरलेल्या डबीत, वायर पकडून ठेवणाऱ्या क्लँपसकट. साधा स्क्रूचा जोड असेल तर हात पोचेल अशीच जागा हवी. आणि सध्या फक्त जोडाचा विचार चाललाय, केबलचाही करा. प्लेट दिसली की पुढचा माणूस ड्रिल लावताना समजतो की इथून केबल सरळ वर, खाली किंवा आडवी गेली असणार. प्लेट गेली, केबल जिवंत राहिली, आणि वर कपाट अडकवायला कोणी भोक पाडलं तर? ताईंचं किचन आहे, कपाटं लागणारच. टाइलच्या रंगाची प्लेट मिळते, पण लपवू नका.

प्रेषक: नाट्यविभाग
पटलं, टेपचं मागे घेतो. पण लॅम्पची पद्धत चांगली आहे, नाटकाच्या वेळी आम्ही सगळे पॉइंट असेच शोधले होते.

प्रेषक: काका
शोधायला चांगली, खात्रीला नाही. लॅम्प विझला म्हणजे मागचे टर्मिनल मेले असं नाही, एकाच बॉक्समध्ये दुसऱ्या एमसीबीची वायर असू शकते. आणि नियॉनच्या टेस्टरवर विसंबू नका, तो आपल्या अंगातून जाणाऱ्या बारीकशा करंटवर पेटतो, कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल तर वीज असूनही पेटेल याचा भरवसा नाही. दोन टोकांचा टेस्टर घ्या. आधी चालू सॉकेटवर तपासा, मग कामाच्या ठिकाणी फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, मग पुन्हा चालू सॉकेटवर. मधल्या वेळेत टेस्टरचाच सेल गेला असेल तर तो शेवटच्या फेरीत कळतो. एमसीबीला कुलूप नाहीतर निदान चिठ्ठी, घरात इतर माणसं असतात.

प्रेषक: चिटणीस
कृपया घरदुरुस्तीच्या मेलना विषयात तसं लिहावं, काही सभासदांनी तक्रार केली आहे. मंडळाकडे वीज तपासायचा मीटर आहे, ताईंनी तो न्यावा.

प्रेषक: नाट्यविभाग
मीटर नाट्यविभागाने घेतलाय, वहीत नोंद केल्याशिवाय देणार नाही. आणि त्याच्या एका लीडची (टोक लावून बघायच्या वायरीची) रबरी बाही फाटली आहे, ती बदलेपर्यंत घरच्या विजेवर कोणीच वापरू नये. ताई, नवी लीड आणतो आणि उद्या संध्याकाळी घेऊन येतो.

प्रेषक: खजिनदार
लीडची पावती जपून ठेवा, मंडळातर्फे देऊ. विषय निघालाच आहे तर, आम्ही घर घेतलं तेव्हा जिन्याखालच्या भिंतीला एका जागी हात लावला की कोमट लागायचं. खोदलं तर आधीच्या कोणीतरी टेप मारून बुजवलेला जोड, आतलं प्लास्टर तपकिरी पडलेलं. पुढे हीटर जोडलेला होता. ताई, गुरुवार चुकला तर चुकू दे.

प्रेषक: वाचनालय
सगळ्यांचे मनापासून आभार. टाइलवाल्याला कळवलं, तो आता पुढल्या आठवड्यात येईल, इलेक्ट्रिशियन होऊन गेल्यावर. आम्ही काहीच खोलणार नाही, कारण वायरी जुन्या आहेत आणि ह्यांना त्या ॲल्युमिनियमच्या असाव्यात असा संशय आहे. किचनला प्लेट ठेवते. बेडरूमचं शेवटचं निघालं तर मुळातून सोडवायला सांगते.

प्रेषक: काका
ॲल्युमिनियमचा संशय असेल तर इलेक्ट्रिशियनला आजच फोनवर सांगा. तांब्याला थेट पीळ मारून जोडायचा नसतो, त्याला वेगळे कनेक्टर लागतात आणि ते त्याने बरोबर आणायला हवेत. आणि प्लास्टर चढायच्या आत प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून.