शिफ्ट ड्युटी करून नाटक लिहिणारं कोणी आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी फोंड्याकडची, वेर्ण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत नोकरी, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. गावच्या देवळात उत्सवाला दरवर्षी मराठी नाटक असतं (आपल्या गोव्यात हे काय नवीन सांगायला नको) आणि यंदा मंडळातल्या पोरांनी माझ्या गळ्यात घातलंय की ताई नवीन संहिता तूच लिही. चवथ (गणेशचतुर्थी) झाली की तालमी सुरू, आणि माझा पहिला अंकच अजून अर्धा आहे.

पहाटे उठून लिहा हा सल्ला कृपया नको, नाइट करून आलेल्या माणसाची पहाट म्हणजे झोपायची वेळ. रविवार तर बाजार, पाहुणे आणि सासूबाईंचा दवाखाना यातच जातो.

वेळ मिळतो तो फक्त कंपनीच्या बसमध्ये. तिथे मोबाइलवर टाइप करायला गेले तर डोकं गरगरतं, म्हणून बोलून टाइप करायचं बघितलं. साधी मराठी बरी उतरते, पण माझी पात्रं मधेच कोंकणी बोलतात आणि तिथे फोन काहीच्या बाही लिहितो, वर शेजारी बसलेले लोक संवाद ऐकून माझ्याकडे बघतात ते वेगळंच!

तर विचारायचं हे, की शिफ्ट बदलत असताना तुम्ही लिहिण्याची वेळ ठरवता तरी कशी? नुसतं रेकॉर्ड करून नंतर उतरवणं परवडतं का, की त्यात दुप्पट वेळ जातो? आणि चार दिवस खंड पडला की पात्रांचा सूर परत कसा पकडता?