जुनी १०० सीसी घेतली. तापली की बंद पडते, थंड झाली की चालू

चाकोरी (अमळनेर):
राम राम मंडळी. गेल्या आठवड्यात २०१३ची १०० सीसी गाडी घेतली. आडवं इंजिन, चार गिअर, कार्बोरेटर. सकाळी चोक ओढला की दुसऱ्या किकला चालू. धुळ्याकडे निघालं की २०-२२ किलोमीटरवर दोन-तीन झटके खाते आणि बंद. पंधरा-वीस मिनिटं निंबाच्या सावलीत ठेवली की चालू होते, पण पुढे १० किलोमीटरमध्येच परत तेच. प्लग नवीन, एअर फिल्टर नवीन, कार्बोरेटर दोनदा साफ झाला. धूर नाही, ऑइल कमी होत नाही. एक मेकॅनिक म्हणतात इंजिन उतरवून पिस्टन-रिंग टाका, दुसरे म्हणतात आपल्याकडचं ऊन आणि इथेनॉलचं पेट्रोल. खर्चात पडण्याआधी काय तपासू? चेनचाही खडखड आवाज आहे, पण ते नंतर.

पानापेटी (जळगाव):
भाऊ, इंजिनाला हात लावू देऊ नका. रिंगा गेल्या असत्या तर गाडीने निळा धूर टाकला असता, ऑइल खाल्लं असतं, चढावर दम सोडला असता. उन्हाचं म्हणाल तर मे महिन्यात भुसावळ-जळगाव रस्त्यावर असल्याच गाड्या दिवसभर पळतात.

तापून बंद पडली म्हणजे पेट्रोल, करंट किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) यांपैकी एक तुटलं. कोणतं ते बंद पडल्यावर पहिल्या पाच मिनिटांतच सापडतं. सावलीत थंड केली की पुरावा गेला. तुम्ही आणि दोन्ही मेकॅनिक गाडी थंड असतानाच बघताय, तिथेच गाडं अडलंय. प्लगपाना, स्क्रूड्रायव्हर, चालू असलेला एक जुना प्लग आणि छोटी पारदर्शक बाटली सोबत घ्या, आणि मुद्दाम बंद पडेपर्यंत चालवा.

बंद पडली की चावी बंद ठेवून हाताने किक दाबा. सकाळी लागतो तेवढाच जोर लागला तर कॉम्प्रेशन ठीक. किक पोकळ गेली तर व्हॉल्व्हकडे बघायचं.

मग टाकीचं झाकण उघडा. सूंऽ करून हवा आत गेली आणि त्यानंतर लगेच गाडी चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. पेट्रोल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि धार थांबते. झाकण रॉकेलमध्ये धुऊन भोकात फुंकर मारली की काम झालं.

नाही तर करंट. बसवलेल्या प्लगवरची वायरची कॅप काढून तिच्यात जुना प्लग घाला, त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या डोक्याच्या (हेडच्या) पात्यांना टेकवा, चावी चालू करून किक मारा. निळी, टचटच आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक किंवा काहीच नसेल तर चोर सापडला. बसवलेला प्लग या वेळी काढू नका, त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते.

पेट्रोल सगळ्यात शेवटी: चावी बंद करून कार्बोरेटरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करा, बाटली धरा. वाटीतलं पेट्रोल निघून गेल्यावरही धार टिकली पाहिजे. हा क्रम उलटा करू नका. आधी पेट्रोल सांडायचं आणि मग शेजारी ठिणगी पाडायची, हा उद्योग लोक करतात.

सातपुडा_पायथा (शहादा):
वरचं सगळं बरोबर, पण किक पोकळ गेली तर काय ते सांगतो. टॅपेटला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या स्क्रूला) गॅपच राहिला नसेल तर व्हॉल्व्ह तापून लांब होतो, सीटवर पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. थंड झाला की परत बसतो. लक्षण अगदी तुमच्यासारखंच. टॅपेटचा आवाज आला की कसून टाकायची आपल्याकडे सवय आहे. विकायच्या गाडीत तर हमखास, कारण गिऱ्हाइकाला शांत इंजिन आवडतं. थोडी टिकटिक असलेली गाडी बरी.

या आडव्या इंजिनात गॅप दोन्हीकडे ०.०५ मिमी, तोही रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर. प्लग काढा, हेडवरची दोन्ही टॅपेट-झाकणं काढा, चौथा गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढे फिरवा. डाव्या झाकणाच्या खिडकीत मॅग्नेटवरची (क्रँकबरोबर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकावरची) 'टी' खूण खाचेसमोर आली की थांबा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) हाताने किंचित हलले पाहिजेत. एक घट्ट असेल तर पिस्टन चुकीच्या फेरीत आहे, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) थोडा अडत सरकला पाहिजे. लॉकनट आवळताना गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर परत मोजा.

गिरणाकाठ (चाळीसगाव):
वर्षभर उभी असलेली गाडी असेल तर टाकीत टॉर्च मारून गंज बघा. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे उभ्या गाडीची टाकी आतून खराब होते. पेट्रोल कॉकची जाळीही काढून बघा. मात्र कार्बोरेटर दोनदा साफ होऊन फरक शून्य, म्हणजे माझा कौल करंटला.

चाकोरी (अमळनेर):
आज मुद्दाम दुपारी १ वाजता निघालो. २१ किलोमीटरवर बंद. किक घट्ट. झाकण उघडलं, आवाज नाही, चालूही झाली नाही. ठिणगी अजिबात नाही. अर्ध्या तासाने तोच प्लग, त्याच जागी निळी ठिणगी. म्हणजे सीडीआय (ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला?

पानापेटी (जळगाव):
थांबा. सगळे आधी सीडीआय बदलतात. या लक्षणाला बहुतेक वेळा कॉइल जबाबदार असते. तिची तार केसासारखी बारीक. तापून फुगली की आतला तुटका जोड उघडतो, थंड झाली की परत टेकतो.

पुढच्या वेळी बंद पडली की आधी प्लग कॅप पिळून काढा, वायरचं टोक हेडपासून ५ मिमीवर ठेवून किक मारा. वायर कोरड्या लाकडी चिमट्याने धरा, बोटाने नको. ठिणगी आली तर कॅप खराब. वायरचं टोक ५ मिमी कापून नवीन कॅप पिळा. नाही आली तर मॅग्नेटकडून येणारा कनेक्टर सोडवून मल्टिमीटरने पल्सर कॉइल (सीडीआयला ठिणगीची वेळ सांगणारी) मोजा. आकडा आज घरी, थंड असताना लिहून ठेवा. तापल्यावर तो बेपत्ता झाला तर कॉइलच. थोडा वाढला तर घाबरू नका, तांबं तापलं की रोध वाढतोच.

चाकोरी (अमळनेर):
थंड असताना १२० ओहमच्या आसपास. बंद पडल्यावर मीटर 'ओएल' दाखवतो, म्हणजे जोड तुटलेला. दोनदा मोजलं.

पानापेटी (जळगाव):
मग पल्सरच. ती मॅग्नेटच्या बाहेरच्या कडेला दोन स्क्रूंवर असते, त्यामुळे मॅग्नेट ओढायची गरज नाही. कोणी हातोडी घेऊन मॅग्नेटला मारायला निघाला तर गाडी तिथून घेऊन या. स्क्रू घट्ट असतील, इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरायला सांगा, नाही तर डोकी झिजतील. झाकणाचं पॅकिंग नवीन टाका आणि वायर बाहेर येते तिथला रबर बुच नीट बसवा. तो सैल राहिला की काळ्या मातीचा चिखल आत जातो. दुकानदाराला मॉडेल आणि साल दोन्ही सांगा, दिसायला सारख्या कॉइलचे कनेक्टर वेगळे निघतात.

सातपुडा_पायथा (शहादा):
चेनचं राहिलं. मधोमध वर-खाली २० ते ३० मिमी खेळ हवा. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबत असेल तर ती कसण्यात अर्थ नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला.