मारेकरी, सुपारी आणि एकांडा : परिचयपत्रकातील एका वाक्याविषयी

प्रश्न : राजारामपुरीतील आमच्या छोट्या चित्रपटमंडळात पुढच्या महिन्यात ज्याँ-पिएर मेलव्हिल यांचा ‘ल सामुराय’ हा १९६७ सालचा फ्रेंच चित्रपट दाखवायचा आहे आणि त्याचे एकपानी परिचयपत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पहिले वाक्य मी असे केले आहे : ‘एका एकाकी सुपारी किलरची ही संथ, वातावरणनिर्मितीवर भर देणारी रहस्यकथा.’ मंडळातील ज्येष्ठांना ‘सुपारी किलर’ खटकते, तर तरुण मंडळींना ‘भाडोत्री मारेकरी’ पुस्तकी वाटते. ‘एकाकी’, ‘संथ’ आणि ‘रहस्यकथा’ हे शब्द तरी योग्य आहेत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : आधी सुपारीचे पाहू. सुपारी देणे म्हणजे काम ठरवणे, बोलणे पक्के करणे. लग्न ठरले की सुपारी फुटते. जत्रेसाठी तमाशाचा फड किंवा मिरवणुकीसाठी हलगीवाले ठरवले की त्यांना सुपारी दिली जाते, आणि आपल्याकडच्या गावांत ‘औंदा कुणाच्या फडाला सुपारी दिली?’ हा प्रश्न आजही अगदी निष्पापपणे विचारला जातो. मुंबईच्या टोळ्यांनी हाच व्यवहाराचा शब्द उचलला आणि वर्तमानपत्रांनी तो घरोघरी पोचवला. मात्र टोळ्यांच्या तोंडीही सुपारी हे व्यवहाराचेच नाव राहिले, माणसाचे झाले नाही. ‘त्याची सुपारी निघाली’ या वाक्यातला ‘तो’ मारणारा नसून मरणारा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ‘सुपारी किलर’ हा जोडशब्द किती घाईने बांधला आहे ते कळते. जाता जाता, विड्याशी त्याची गल्लत करू नये. विजापूरच्या भर दरबारात अफजलखानाने उचलला तो विडा. त्यात चारचौघांसमोर केलेली प्रतिज्ञा असते. सुपारी गुपचूप घेतली जाते.

तरीही पत्रकातून सुपारी पूर्णपणे काढून टाकू नये, असे मला वाटते. या चित्रपटातील मारेकरी जेफ कॉस्टेलो काम उरकून ठरलेले पैसे घेण्यासाठी रेल्वेमार्गावरच्या पुलावर जातो, तेव्हा पैसे द्यायला आलेला माणूसच त्याच्यावर गोळी झाडतो. पुढची सगळी कथा या मोडलेल्या व्यवहारातून निघते. तेथे ‘ज्यांनी सुपारी दिली तेच त्याच्या जिवावर उठतात’ असे लिहिल्यास शब्द आपल्या जागी बसेल आणि तरुण वाचकालाही ते सहज कळेल.

माणसासाठी ‘मारेकरी’ हाच शब्द घ्यावा. शेतकरी, पहारेकरी, वारकरी यांतील ‘करी’ त्यातही आहे आणि तो कृत्यापेक्षा नेमाकडे किंवा पेशाकडे बोट दाखवतो. रागाच्या भरात बांधावरून झालेल्या भांडणात कोयता चालवणारा खुनी ठरतो; त्याला बातमीदारांनी मारेकरी म्हटले तरी जुन्या वापरात ते बसत नाही. जुना प्रयोग आहे ‘मारेकरी घालणे’, आणि त्या क्रियापदातच मागे उभा असलेला दुसरा कुणीतरी गृहीत धरलेला आहे. त्यामुळे ‘भाडोत्री’ हे विशेषण त्या प्रयोगापुरते अनावश्यक ठरते. आज मात्र पैशासाठी न मारणाऱ्यालाही मारेकरीच म्हणतात, म्हणून ज्यांना संदिग्धता नको असेल त्यांनी ते एकदा, पहिल्याच वाक्यात, वापरावे. पुढे नुसते ‘मारेकरी’ पुरेल. ‘भाडोत्री’त तुच्छता आहे, हेही ध्यानात ठेवावे. दिग्दर्शक या माणसाकडे तुच्छतेने पाहत नाही.

खरी अडचण ‘एकाकी’ची आहे. एकटा ही नुसती मोजदाद झाली. एकलकोंडा हा स्वभाव झाला, आणि त्यात लोकांनी नावे ठेवल्याचा सूरही येतो. एकांत माणूस मागून घेतो, एकाकीपण त्याच्या वाट्याला येते. आता चित्रपट पाहा. सुरुवातीला अंधूक, राखाडी खोलीत हा माणूस पलंगावर पडून सिगारेट ओढतो आहे आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्याची किलबिल तेवढी ऐकू येते. मग तो उठतो, आरशासमोर हॅटची कड बोटांनी बेताने सारखी करतो, बाहेर पडतो, रस्त्यावरच्या एका गाडीत बसून किल्ल्यांच्या जुडग्यातील एकेक किल्ली लावून पाहतो. सुमारे दहा मिनिटे कुणी एक शब्द बोलत नाही. या सगळ्यात जेफची भूमिका करणाऱ्या आलँ देलाँ यांच्या चेहऱ्यावर दुःखाची रेषासुद्धा नाही, त्यामुळे हे एकाकीपण आहे की शिस्तीने पाळलेला एकांत, हे प्रेक्षकाने ठरवायचे. पुढे पोलीस खोलीत गुपचूप ध्वनिग्राहक बसवून जातात, तेव्हा परतलेल्या जेफला संशय येतो तो पक्ष्याच्या फडफडीवरून. ज्याला पक्ष्याची चलबिचल एवढ्या बारकाईने कळते, त्याला एकलकोंडा म्हणणे मला जड जाते.

येथे आपल्याकडचा एक शब्द मला फार नेमका वाटतो : एकांडा. आज आपण ‘एकांडा शिलेदार’ असे वक्तृत्वाच्या ओघात, बहुधा निवडणुकीच्या दिवसांत, म्हणून जातो. परंतु मराठ्यांच्या लष्करात एकांडा म्हणजे कुठल्याही पथकात वा पागेत न मोडणारा, स्वतःच्या जिवावर एकट्याने चाकरी करणारा स्वार. चाकरी आहे, पण सोबत नाही. हुकूम आहे, पण पाठीशी कुणी नाही. चित्रपटाचे नाव सामुरायावरून, म्हणजे जपानी योद्ध्यावरून, आहे आणि आरंभी ‘बुशिदो’च्या, म्हणजे या योद्ध्यांच्या आचारसंहितेच्या, नावाने सामुरायाच्या एकांताविषयी एक अवतरण येते, जे वस्तुतः मेलव्हिल यांनी स्वतःच रचलेले आहे. दिग्दर्शकानेच जर परक्या लष्करी परंपरेतून प्रतिमा उसनी घेतली, तर मराठी पत्रकाने आपल्या लष्करी परंपरेतला शब्द घ्यायला हरकत कसली?

‘संथ’ योग्य आहे. संथ म्हणजे हळू, पण न अडखळता, उन्हाळ्यातल्या पंचगंगेसारखे. रटाळ आणि रेंगाळलेला हे दोष झाले. कोल्हापुरात कुणीतरी या चित्रपटाला ‘निवांत पिक्चर’ म्हणणारच, म्हणून सांगतो : निवांत असण्यासाठी मनात काळजी नसावी लागते, आणि येथे मारेकरी, पोलीस निरीक्षक, सुपारी देणारे यांच्यापैकी कुणीही क्षणभर निवांत नाही.

‘रहस्यकथा’ मात्र काढावी. खून कुणी केला हे आपल्याला डोळ्यांदेखत दिसते. ‘थरारपट’ चालेल.

प्रतिसाद : सर, उत्तर पटले. एक सुचवावेसे वाटते. ‘गारदी’ हा शब्द का नको? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना मारणारे गारदीच होते, आणि तो शब्द फ्रेंचांच्या कवायती फौजेतून आपल्याकडे आला असे सांगतात. फ्रेंच चित्रपटासाठी फ्रेंच वळणाचा मराठी शब्द शोभून दिसेल.

उत्तर : सूचना रंजक आहे, परंतु शब्द या माणसाला लागू पडत नाही. गारदी ही पलटण होती. ते पेशव्यांच्याच चाकरीत होते, थकलेल्या पगाराचा गलका करीत घोळक्याने वाड्यात घुसले, आणि मराठी कानाला गारदी म्हटले की तो गलकाच ऐकू येतो. जेफ क्लबमध्ये खून करायला जातो तो पांढरे हातमोजे घालून, एकटा, दबक्या पावलांनी. दोन्ही ठिकाणी खूनच झाला, एवढेच साम्य.

‘हत्यारा’ असेही कुणी सुचवील, कारण हिंदी बातम्यांमुळे तो शब्द आता कानावर पडू लागला आहे. तो टाळावा, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे : ‘हत्याऱ्याने’ आणि ‘हत्याराने’ यांत फरक एका अक्षराचा, आणि तुमचे पत्रक छापून येईपर्यंत तो टिकेल याची हमी कोणताही मुद्रितशोधक देणार नाही.