मदत हवी आहे: 'फँटॅस्टिक व्हॉयेज'सारखं रक्तातलं पोहणं, पण पाण्याशिवाय

पेशीपुराण
'फँटॅस्टिक व्हॉयेज'मध्ये (१९६६, दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर) सूक्ष्म आकाराची केलेली, प्रोटियस पाणबुडीतून बाहेर पडलेली मंडळी रुग्णाच्या शरीरात पोहतात. ती दृश्यं पाण्यात घेतलेली नाहीत. नटांना तारांनी टांगून, कॅमेरा जास्त वेगाने चालवून कोरड्यातच चित्रित केली आहेत. लघुपटासाठी तसेच दोन शॉट हवे आहेत: दोघं पोहताहेत, आणि भोवती तांबड्या पेशी वाहताहेत. मिररलेस कॅमेरा (सेकंदाला १०० फ्रेमपर्यंत), दोन एलईडी लाइट, काळं कापड आणि १५ बाय १२ फुटांची खोली आहे. फ्रेमरेट किती ठेवू? छताच्या पंख्याच्या हुकांना माणूस टांगता येईल का? पेशी कशाच्या करू?

तिरपा_कोन
हुकांचा विचार आधी सोडा. ते पंख्याचं वजन स्थिर पेलण्यासाठी असतात, हातपाय झाडणाऱ्या माणसासाठी नाही. तारेवर टांगायचं तर प्रशिक्षित रिगर (तारा बांधणारा तंत्रज्ञ) आणि प्रमाणित हार्नेसच हवा.

तुमच्या खोलीत टांगायची गरजही नाही. नटाला उभं करा आणि कॅमेरा ९० अंशात आडवा लावा. पडद्यावर तो आडवा, डोकं पुढे करून जाताना दिसेल. फायदा असा की गुरुत्वाकर्षण पायांकडे ओढतं, त्यामुळे केस, पट्टे, नळ्या आपोआप मागे गेलेल्या दिसतात. टांगलेल्या माणसाचे केस सरळ खाली लोंबतात आणि सोंग तिथेच उघडं पडतं. फ्रेम गुडघ्याच्या वर कापा, नाहीतर जमिनीवर टेकलेले पाय दिसतील. पाय मारतानाचा शॉट वेगळा घ्या: अरुंद बाकावर काळं कापड टाकून पोटावर झोपवा, मांडीपासून खालचा भाग बाहेर. पोशाख पांढरा किंवा फिकट ठेवा, काळ्यावर सुटा दिसतो.

फ्रेमवाला
सेकंदाला ५० फ्रेम, शटर १/१०० सेकंद, संकलनातली टाइमलाइन २५ची. बरोबर निम्मा वेग मिळतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. ६० फ्रेम, १/१२५ वर घेतलंत तर चित्रात उजेड-अंधाराचे पट्टे सरकताना दिसतील. २५ फ्रेम, १/५० च्या तुलनेत प्रकाश दुप्पट लागेल. १०० फ्रेमवर हालचाल इतकी मंदावते की पोहण्याऐवजी तरंगणं वाटतं, शिवाय लुकलुक पुन्हा डोकावते. संवाद या वेगात रेकॉर्ड होणार नाहीत, डबच करावे लागतील.

पाण्याखालची लहरती उजेडरेषा हवी असेल तर परातीत दोन बोटं पाणी, तळाशी आरशाचे तुकडे, त्यावर एकच उघडा लाइट तिरका टाका. लाइटवर डिफ्यूजर (उजेड पसरवणारा पडदा) लावलात की रेषा पुसट होतात. वायर परातीपासून लांब.

पेशीपुराण
उभं करण्याची युक्ती झकास! पण मंद वेगात घेतलं तरी पोहणं हवेतलंच वाटेल का? आणि पेशींचं राहिलंच.

श्यानता
हवेतलं वाटतं ते हात झटक्यात फिरतात म्हणून. प्रत्येक हालचाल सुरू होताना आणि थांबताना जोर लावायला सांगा. हौस असेल तर चित्रपटाच्याही पुढे जा. एवढ्या लहान आकाराला पाणी काकवीसारखं लागतं; पाय मारणं थांबलं की त्याच क्षणी थांबायचं, सरकत पुढे जाणं नाही. जीवाणू पोहणं थांबवल्यावर अणूच्या व्यासाइतकाही पुढे जात नाही. मूळ चित्रपटात सगळे मजेत तरंगत जातात. मात्र रक्त आतून सगळं लाल नसतं, रंग पेशींचा असतो, हे त्यांनी नीट दाखवलंय. तुम्हीही शॉट जोडताना मागची पार्श्वभूमी फिकट पिवळसर ठेवा, लाल फिल्टर नको.

टाकीतला_मासा
पेशींना साबुदाणा. मोठा दाणा पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि गार पाण्यात तीनचारदा धुवा, नाहीतर पिठाने पाणी गढूळ होतं. मग खाण्याच्या लाल रंगात बुडवा आणि निथळ स्वच्छ येईपर्यंत परत धुवा. ६० × ३० × ३० सेंमीच्या टाकीत ४० लिटर पाणी घ्या. नुसत्या पाण्यात दाणे तळाला बसतात, म्हणून मीठ. आधी एका ग्लासात चाचणी करा: लिटरला ५० ग्रॅमपासून सुरुवात, दाणा मध्यावर रेंगाळेपर्यंत वाढवत जा. ५० ग्रॅमलाच जमलं तर टाकीला २ किलो पुरे. पाणी रात्रभर तसंच ठेवा, काचेवरचे बुडबुडे जातात. मागे काळं कापड, प्रकाश बाजूने, फोकस टाकीच्या मध्यावर; पुढचे दाणे धूसर झाले की गोल आहेत हे कोणाला कळत नाही. (खऱ्या तांबड्या पेशी मध्ये खोलगट चकत्या असतात.) प्रवाहासाठी पंप नको, दाणे फुटतात. काठीने एकदा ढवळा, पाणी संथ होऊ लागलं की शॉट घ्या.

शॉट एकमेकांवर जोडताना 'स्क्रीन' मोड (काळं गाळून उजळ भाग खालच्या चित्रात मिसळणारा) फक्त बुडबुड्यांना. पेशींना तो लावलात तर माणसं आरपार दिसतील. त्यांना ल्युमा की (गडद भाग कापून टाकणारी सोय) लावा. शिजवलेला साबुदाणा त्याच दिवशी वापरा, दुसऱ्या दिवशी वास मारतो. आणि टाकीतलं मीठपाणी झाडांना घालू नका.